शुभाकाकूंच्या फ्रीजरमधली लादी

मित्रांनो, मी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड इंच जाड अशी काँक्रीटची लादी आहे. वयाने जुनी, रंगाने साधी करडी. माझ्यावर कधी कोणी खुर्ची मांडली नाही की चहा घेतला नाही, कारण मी नमुना म्हणून जन्मले. गिऱ्हाइकाने मला बघावं, माझ्यावरून हात फिरवावा आणि ‘अस्संच आमच्या घरामागे करा’ म्हणावं, एवढ्यासाठी मला घडवलं. चौदा वर्षांत असं म्हणणारं माणूस मला एकच भेटलं.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये स्टॅन नावाचा एक म्हातारा कंत्राटदार आहे. लोकांच्या घरामागे काँक्रीटचा पॅटिओ, म्हणजे बसाउठायचा ओटा, करून देणं हा त्याचा धंदा. काँक्रीट ओतायचं, ते जरा घट्ट होऊ लागलं की त्यावर रबराचे मोठे ठसे दाबायचे. वाळल्यावर दगडी फरशी घातल्यासारखं दिसतं. इथे त्याला स्टॅम्प्ड काँक्रीट म्हणतात. एका घराचं काम उरकल्यावर ढकलगाडीत थोडा माल उरला, तो वाया जाऊ नये म्हणून स्टॅनने साच्यात ओतला आणि एक ठसा दाबला. अशी माझी जन्मकथा. आपल्या दुकानाच्या फाटकाजवळ त्याने मला ठेवलं आणि मी तिथेच राहिले. उन्हात फिकट झाले, बर्फाखाली चार-चार महिने गाडली गेले. लोक माझ्यावर बूट झटकून आत जायचे.

आत, काचेच्या खोलीत, माझी धाकटी बहीण होती. तांबूस रंग, गोट्यांची खोल नक्षी आणि वर असं चकचकीत पॉलिश की येणाऱ्याने वाकून आपले केस नीट करावेत. सगळे तिच्याच प्रेमात पडत. मला हेवा वाटायचा, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

मग एका मे महिन्यात शुभाकाकू आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, सलवार-कमीझवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज. स्टॅन त्यांना बहिणीची तारीफ सांगत होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “छान आहे. घरी नेऊन टेस्ट करते.”

स्टॅनला वाटलं, अंगणात ठेवून रंग बघणार असतील. काकू फाटकाशी आल्या, माझ्याकडे पाहून थांबल्या. “ही कोण? हिलाही नेते.” आणि मला त्यांनी चक्क लेकरासारखं कडेवर घेतलं. माझं वजन नऊ किलो आणि काकूंचं वय एकाहत्तर.

त्यांच्या घरी गेल्यावर मला सगळा उलगडा झाला. शुभाकाकूंनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासले होते. तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांचे यजमान मनोहरकाका इंजिनिअर होते. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावकाश झालं, डावा पाय ओढू लागला. घरामागे जुना लाकडी डेक होता, दोन पायऱ्यांचा. एक दिवस काका त्यावरून उतरताना पडले. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. तेव्हापासून डॉक्टरांकडे जाण्यापलीकडे ते घराबाहेर पडले नव्हते. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायचे.

त्यांचा मुलगा अनीश सांता क्लाराला असतो. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. “आई, प्लीज प्रॅक्टिकल हो. इकडे या. इथे स्नो नाही, आइस नाही. तिथे बाबा खोलीत कोंडून पडलेत, त्याला काय अर्थ आहे?”

“चाळीस वर्षं राहिलोय या घरात,” काकू म्हणाल्या. “पायऱ्या काढून टाकते. दारापासून अंगणापर्यंत सपाट करून घेते. मग बाबा बाहेर पडतील.”

“आणि नाही पडले तर?”

काकू फोनच्या जवळ सरकल्या. “येत्या मार्चपर्यंत तुझे बाबा आपले आपण बाहेर गेले नाहीत, तर घर विकू. शब्द देते.”

खिडकीतल्या खुर्चीत बसून काका हे ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले. काकू आम्हा दोघी बहिणींना संध्याकाळी बादलीत भिजवायच्या आणि गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. एका बाजूला सोललेले मटार, दुसऱ्या बाजूला खवलेल्या नारळाच्या पिशव्या, मध्ये आम्ही. सकाळी बाहेर काढायचं, उन्हात बर्फ वितळू द्यायचा, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. मराठी मंडळाच्या कॅलेंडरवर रोज एक खूण. शॉमबर्गचे सगळे हिवाळे त्या बाईने आम्हाला पाच आठवड्यांत दाखवले. एका रविवारी अनीशची मुलगी आरोही फोनवर दिसली. काकूंनी कौतुकाने तिला फ्रीजर दाखवला.

“आजी, इज दॅट अ रॉक? विथ द कोकोनट?”

“रॉक नाही गं राणी, पॅटिओ आहे.”

“ओके,” आरोही म्हणाली. आजीचं काही तरी बिनसलंय असा तिचा चेहरा होता.

एवढ्यावर थांबतील तर त्या शुभाकाकू कसल्या! आम्हाला ओलं करून त्या आमच्यावर अनवाणी उभ्या राहिल्या, मग मोजे घालून, मग बर्फातले बूट घालून. बहिणीवर मोज्यांचा पाय सर्रकन सरकला. काकांचा चाकांचा वॉकर त्यांनी आमच्यावरून फिरवून पाहिला. बहिणीच्या गोट्यांच्या खाचेत चाक अडकलं. माझी नक्षी उथळ, चाक सरळ निघून गेलं. काका खुर्चीतून बघत होते. “घरात एक नमुना होताच,” ते एकेक शब्द जोडत म्हणाले, “आता तीन झाले.”

काकू हसल्या. किती तरी दिवसांनी काकांनी चेष्टा केली होती, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं.

तिसऱ्या आठवड्यात बहिणीचं पॉलिश पांढुरकं पडलं. पाचव्यात तिच्या अंगावरून खपल्या निघू लागल्या. माझाही एका कोपऱ्याचा टवका उडाला, पण बाकी मी होते तशीच होते. मला आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण नारळाच्या पिशवीवर तिच्या तांबूस खपल्या पाहिल्या आणि तो आनंद ओसरला. तिला कोणी थंडीसाठी तयारच केलं नव्हतं, यात तिचा काय दोष?

काकूंनी आम्हा दोघींना परत नेऊन स्टॅनच्या टेबलावर ठेवलं. स्टॅनने बहिणीच्या खपल्यांवरून बोट फिरवलं. मग त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “ही आत मांडण्यासाठी केलेली. हिच्यात हवा नाही. पाणी गोठलं की फुगतं, फुगायला जागा लागते. बाहेरच्या कामात आम्ही मुद्दाम बारीक बारीक बुडबुडे ठेवतो.” माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, “हिच्यात ते आहेत.”

चौदा वर्षांनी मला कळलं की मी टिकले ती माझ्या आतल्या मोकळ्या जागेमुळे.

“असंच करा,” काकू म्हणाल्या. “हीच नक्षी, वर चमक नको, आणि पॉलिशमध्ये बारीक रेती मिसळा, पाय धरून ठेवेल अशी. आणि हवा माझ्यासमोर मोजायची.”

ऑगस्टमध्ये डेक उखडला. खाली खडीचा जाड थर दाबून बसवला. ट्रक आला तेव्हा स्टॅनच्या माणसाने झाकणबंद भांड्यात माल भरून हवा मोजली. काकू चष्मा सावरत काट्यावर वाकल्या. काटा सहा टक्के हवेवर थांबला, तेव्हाच त्यांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत दाराच्या उंबऱ्यापासून अंगणापर्यंत एक सौम्य उतार तयार झाला होता. पायरी एकही नव्हती. नक्षी ताडून पाहायला स्टॅनने मला सोबत आणलं होतं; परत न्यायला तो विसरला, की त्याने मुद्दाम ठेवलं, कोण जाणे. काकूंनी मला दाराबाहेर बूट ठेवायला मांडलं.

आणि मनोहरकाका बाहेर आले नाहीत.

काकूंनी बाहेर टेबल मांडलं, चहा मांडला. काका आत. दिवाळीला पॅटिओभर पणत्या लावल्या. काका काचेतून बघत राहिले. अनीश आला होता, त्याने प्रेमाने बर्फ वितळवायच्या मिठाचं मोठं पोतं आणलं. काकूंनी ते त्याच्याच भाड्याच्या गाडीत परत ठेवलं. “पहिल्या हिवाळ्यात तर मिठाचं नाव नको, नवं काँक्रीट खातं ते. दृष्ट काढायची झाली तरी मीठ दारापर्यंत आणायचं नाही. वाळू टाकीन मी.”

तो गेल्यावर काकूंनी काकांचा हात धरला. “अहो, चला ना. एकदाच. मी सगळं तपासून घेतलंय.”

काकांनी हात सोडवून घेतला. “पायाखालचं तपासलंस,” ते म्हणाले. “माझीही रोज टेस्ट घेतेस. मी रोज नापास होतो.”

काकू एकट्याच बाहेर येऊन बसल्या. पदर नव्हता, म्हणून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. त्या दिवसानंतर त्यांनी काकांना एकदाही ‘चला’ म्हटलं नाही. रोज सकाळी मात्र त्या बाहेर यायच्या, बर्फ बाजूला ओढायच्या, वाळू टाकायच्या आणि आत जायच्या. हट्ट सोडला नव्हता, फक्त तोंडाने बोलणं सोडलं होतं.

शेवटचं सांगण्याआधी एक विनंती करून घेते, मित्रांनो, कारण नंतर माझ्याच्याने बोलवणार नाही. तुमच्या दारात माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला मीठ घालू नका. बर्फ प्लास्टिकच्या फावड्याने ओढा, लोखंडाने खरवडू नका. दोन-तीन वर्षांनी एकदा अंगाला पॉलिश लावा, पण चमकेल असं नको. आणि एखादा सावकाश चालत असेल तर त्याला ओढू नका. त्याच्या पायाखालची जागा कोरडी ठेवा, तेवढं पुरे असतं.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. काकू स्वयंपाकघरात फोनवर होत्या. दार किलकिलं होतं, म्हणून मला ऐकू आलं. “हो, अनीश. शब्द दिलाय ना मी. पाठव त्या घर विकणाऱ्या एजंटला. सोमवारी चालेल.” आवाज अगदी साधा होता. काकूंचा इतका साधा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने दार सरकलं. वॉकर बाहेर आला, त्यामागे मनोहरकाका. उजव्या पायात बूट नीट होता, डाव्याची नाडी मोकळी लोंबत होती. उंबऱ्यावर ते इतका वेळ थांबले की आता परत फिरणार, असं मला वाटलं. मग चाक पुढे गेलं. उजवा पाय, मग ओढत डावा. वाळू करकरली. पंधरा-वीस पावलं चालून ते पॅटिओच्या टोकाला पोचले आणि तिथे, बर्फाच्या कडेला, वळून उभे राहिले.

आत खुर्ची रिकामी दिसल्यावर काकू धावत दाराशी आल्या. पायात घरातल्या सपाता, हातात फोन तसाच, आणि फोनमधून अनीश “आई? आई?” करत होता. त्या उंबऱ्यातच थबकल्या. सगळं तपासून घेणाऱ्या त्या बाईला पाऊल टाकवेना.

काकांनी वॉकरवरचा एक हात उचलून त्यांच्याकडे केला.

“ये, शुभा. घसरत नाही. मी बघितलंय.”