बारांतला चौथा

नवं नाव घेताना माणसानं घरच्या बाईला एका शब्दानं विचारलं तर काय बिघडतं? चंपतनं विचारलं नाही. त्रेपन्न सालच्या ईस्टरला त्यानं शेलूबाजारजवळच्या पत्र्याच्या देवळात बाप्तिस्मा घेतला. म्हाताऱ्या पाळकांनी नाव कोणतं ठेवायचं म्हणून विचारलं, तेव्हा हा गडी छाती काढून म्हणाला, योहान. शास्त्रात काय नावांचा दुष्काळ आहे? कुठल्या तरी कोपऱ्यातलं, वर्षातून एकदा वाचनात येणारं एखादं नाव घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पुरुषाच्या जातीला मोठंच नाव लागतं.

त्याचीही बाजू होती म्हणा. एवढा मळा कसायचा, वांगी-मेथी बाजारात आणायचा, मिशा पांढऱ्या व्हायला आल्या, तरी फुलचंद किराणावाल्यापासून हमालापर्यंत सगळे त्याला ‘चंप्या’च म्हणत. देवळात मात्र तो योहानभाऊ झाला. शेवटच्या जेवणाला प्रभूला अगदी खेटून बसलेला शिष्य तो योहान, असं त्यानं ऐकलं होतं, आणि ते त्याच्या मनात भरलं होतं. पंगतीत आपल्याला कुणी इतकं जवळ बसवलं नव्हतं, असं तो बायकोला एकदा म्हणालाही होता.

बायको म्हणजे गिरजाबाई. तिनं काही नवऱ्यामागून उडी घेतली नाही. हा नवा देव आपल्या माणसाचं काय करतो ते आधी बघू, असं तिचं म्हणणं. तिनं पाहिलं. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवून उठणारा माणूस आता हातानं मीठ घेऊन जेवू लागला. गिरजाबाईला तेवढं पुरलं. दिवाळीनंतर ती आपण होऊन देवळातल्या मोठ्या माणसांच्या वर्गाला जाऊन बसली.

वर्ग दर रविवारी उपासनेनंतर भरे. शिकवणाऱ्या ललिताबाई याच मुलखातल्या, मिशनच्या शाळेत वाढलेल्या, विधवा. वर्गात कुणालाच धड वाचता येत नव्हतं, त्यामुळे सगळं तोंडी. नियम साधा होता: दहा आज्ञा, प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आणि बारा प्रेषितांची नावं पाठ म्हणायची, ईस्टरच्या आधी मंडळीसमोर परीक्षा द्यायची, मग बाप्तिस्मा. बाप्तिस्मा झाल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजावर बसता येत नसे. तिथं भाकर फिरू लागली की चंपत पुढे जाऊन बसे आणि गिरजाबाई मागच्या सतरंजीवरून त्याच्या पाठीकडे बघत राही. ते तिला आवडत नसे आणि त्यालाही आवडत नसे.

गिरजाबाईचं डोकं तल्लख. मेथी निंदताना एका वाफ्याला एक आज्ञा, अशा दहा आज्ञा तिनं दहा वाफ्यांत बसवल्या. बारा प्रेषित वांग्याच्या ओळीत बसवले. पहिलं झाड पेत्र, दुसरं अंद्रिया, तिसरं याकोब. चौथ्या झाडाला मात्र ती नुसता हात लावी आणि पुढे फिलिप्पाकडे जाई. चौथा होता योहान, आणि नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं.

यात नुसती लाज नव्हती. गिरजाबाई सात-आठ वर्षांची असताना सरकारी माणूस दारात आला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिच्या आईनं धन्याचं नाव तोंडानं सांगितलं. त्याच हंगामात बाप मोट हाकताना विहिरीत गेला. आई मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, माझ्याच जिभेनं गेला. गिरजाबाईनं अमावास्या सोडली, देवीचा नवस सोडला, दंडातला ताईत सोडून ललिताबाईंच्या हातात दिला. हे एवढं एक तिला सुटेना.

ललिताबाईंनी पुष्कळ समजावलं. जन्ममरण परमेश्वराच्या हाती आहे, जिभेच्या नाही, असं सांगितलं. गिरजाबाईनं मान हलवली.

“मले मालूम हाय, बाई. त्याच्याच हाती हाय. पण मी काहून त्याच्या हाताले धक्का देऊ?”

मग वर्गात ललिताबाई तिला “याकोबाचा भाऊ” एवढ्यावर सोडू लागल्या. म्हातारे पाळक असते तर त्यांनीही सोडलं असतं, पण ते पौषात वारले होते. त्यांच्या जागी उत्तमराव पाळक नगरकडून आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, शब्दाला पक्के. वाईट नव्हते, पण नियमाला फट ठेवली की सगळा वाराच आत येतो असं त्यांचं मत. त्यांनी ललिताबाईंना बजावून ठेवलं की ज्याला येतं त्याला येतं, नाही येत तो पुढच्या ईस्टरला येईल.

घरी चंपत चिडला. मी स्वतः परवानगी देतो, घे नाव, एकदाचं मोकळं कर, म्हणाला. गिरजाबाईनं भाकरी थापता थापताच सांगितलं की हे तुमच्या परवानगीचं काम नाही. त्यानं पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला, पण जेवून उठला.

शेवटी ललिताबाईंनीच तोड काढली. लग्नात, डोहाळजेवणात बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेते, ते कसं? उखाण्यात. उखाण्यातलं नाव शुभ, ते कुणाला बाधत नाही. गिरजाबाईला हे पटलं. तिच्या आईनंही उखाणे घेतले होते आणि त्यांनी काही वाकडं झालं नव्हतं. आठवडाभर ती मळ्यात पुटपुटत हिंडत होती.

ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी परीक्षा झाली. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, समोर उत्तमराव. गिरजाबाईनं आज्ञा घडाघडा म्हटल्या, प्रार्थना म्हटली. मग प्रेषित आले. पेत्र, अंद्रिया, याकोब. इथं तिनं पदर सारखा केला, खाली बघितलं आणि म्हणाली:

“प्रभूच्या मेजावर भाकर आन् द्राक्षाचा रस,
योहानरावाचं नाव घेते, आज परीक्षेचा दिवस.”

बायांमध्ये असा हशा पिकला की पत्रा दणाणला. पुरुषही हसले. चंपत कानापर्यंत लाल झाला, पण खूश होता. उत्तमराव हसले नाहीत. त्यांनी सगळे गप्प होईपर्यंत वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “गिरजाबाई, हे तुम्ही तुमच्या यजमानांचं नाव घेतलंत. मी प्रेषिताचं विचारलं होतं.”

यात खोट काढायला जागा नव्हती. उखाण्यातला योहानराव मळ्यातलाच होता, प्रभूच्या गालील मुलखातला नव्हता, हे तिलाही कळत होतं. पाळकांनी पुन्हा विचारलं. गिरजाबाई नवऱ्याकडे अशी बघू लागली, जणू तो विहिरीच्या काठावर उभा आहे. मग तिनं नाही म्हणून मान हलवली. पुढच्या वर्षी या, असं म्हणत उत्तमराव पुढच्या माणसाकडे वळले.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं चंपत उठला.

“पाळकसायब, माह्यं नाव वापस घ्या.”

उत्तमरावांना वाटलं हा रागावून मंडळी सोडतो आहे. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली की बाप्तिस्मा काही पुसता येत नाही.

“बाप्तिस्मा राहू द्या. नाव तेवढं काढा. मी चंपत होतो, चंपतच बरा. तो योहान प्रभूजवळ बसला म्हून मी त्याचं नाव घेतलं. पण मी तं तिथं एकटाच बसून राह्यलो. माही बायको मांगं, मी पुढं. असं जवळ बसून काय करू?”

या माणसाला ते नाव किती प्यारं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्या नावानं हाक मारली की तो एका हाकेला दोनदा ओ देई. गिरजाबाईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

उत्तमरावांच्या नियमात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मोडायचाही प्रश्न नव्हता. मग ते मंडळीला म्हणाले, “आजपासून हे आपले चंपतभाऊ. दुसऱ्या कुठल्या नावानं त्यांना कुणी हाक मारायची नाही.” आणि गिरजाबाईकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाले, “बाई, आता चौथा फक्त प्रेषित आहे. सावकाश सांगा.”

गिरजाबाईनं पहिल्यापासून सुरुवात केली. पेत्र, अंद्रिया, याकोब. थांबली. डोळे मिटून म्हणाली, “योहान.” डोळे उघडून आधी नवरा जागेवर आहे ना ते पाहिलं. तो होता, नाक पुसत होता. मग उरलेले आठ तिनं एका दमात म्हटले.

ईस्टरला तिचा बाप्तिस्मा झाला. तिनं आपलं नाव गिरजाबाईच ठेवलं. घरात एकदा झालं तेवढं पुरे, असं ती ललिताबाईंना म्हणाली. त्या दिवशी भाकर फिरली तेव्हा ती पुढच्या सतरंजीवर चंपतशेजारी बसली होती.

पुढच्या बाजाराला दोघं शेलूबाजारात वांग्याची टोपली घेऊन बसले. देवळातली गोष्ट बाजारात पोचायला किती वेळ लागतो? फुलचंद दुकानातून हसत हसतच आला. काय रे चंप्या, देवानं दिलेलं नाव परत केलंस म्हणे, म्हणाला. चंपत वांगी इकडची तिकडे करत राहिला.

गिरजाबाईनं हातातला तराजू खाली ठेवला.

“शेठजी, त्याइचं नाव पुरतं घ्या,” ती म्हणाली. “मले घेता येत नाई. तुमाले येते, तं नीट घ्या.”

फुलचंद दुकानदार माणूस, गिऱ्हाईक आणि वेळ दोन्ही ओळखणारा. टोपलीशी वाकला, एक वांगं उचलून दाबून पाहिलं आणि म्हणाला, “बरं, चंपतराव, वांगी कशी दिली?”

चंपतला भाव सांगायला जरा वेळ लागला.