ढगाच्या वरचं लाल

वीज चमकली की ब्रोन्याचा हात आपोआप फळीवरच्या ग्रोम्नित्साकडे जाई. फेब्रुवारीच्या सणाला चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली ही जाड मेणबत्ती खिडकीत पेटवली की घरावर वीज पडत नाही, असं तिच्या आईने सांगितलं होतं. आणि आजवर पडली नव्हती. मग वाद कशाला?

आज मात्र वाद होता. विजा पार डोंगरांपलीकडे होत्या, गडगडाटसुद्धा ऐकू येत नव्हता. डोक्यावर स्वच्छ चांदण्या. तरी तिने मेणबत्ती पेटवलीच.

"विझव ती, तुझ्या पाया पडतो," खिडकीशी बसलेला तिचा नवरा सेवेरिन म्हणाला. "डोळे दिपतात माझे. मग काय डोंबल दिसणार?"

"बघायचंय कशाला? उद्या डॉक्टरांपुढे काय सांगायचं ते पाठ कर. थकलो होतो, भास झाला. बस्स!"

सेवेरिन टपालाचं विमान चालवायचा. वसंतात एकदा वादळाला वळसा घालताना त्याला ढगांच्या माथ्यावर लाल भडका दिसला, आणि या शहाण्याने ते अहवालात लिहिलं. तेव्हापासून घरी बसला होता. हा माणूस विमान चालवायच्या लायकीचा आहे की वेडा, ते उद्या डॉक्टरांचं मंडळ ठरवणार होतं.

"भास नव्हता तो." सेवेरिन उठून येरझाऱ्या घालू लागला. "वीज खाली पडते ना, तेव्हाच वरही काहीतरी पेटतं. खूप उंच, आमची विमानं पोचत नाहीत तिथे. पण आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही गं. परत एकदा दिसलं असतं, तर..."

तिला त्याचा राग आला, आणि कीवही आली. छातीवर क्रूस काढून तिने मेणबत्तीवर फुंकर मारली.

अंधारात दोघं खिडकीशी बसली. ब्रोन्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर चमकेला ती दचकत होती. "खुर्ची जवळ घे," असं म्हणायला सेवेरिन तिच्याकडे वळला, आणि नेमका तेव्हाच डोंगरामागचा ढग आतून पांढराफटक झाला. त्याच्या कितीतरी वर, मोकळ्या आभाळात, लाल गाजरांची जुडी धरावी तसं काहीतरी उमटलं. पापणी लवायच्या आत गेलंसुद्धा.

"काय गं? काय झालं?"

सांगितलं, तर हा उद्या छाती पुढे काढून खरं बोलणार आणि पोटावर पाय आणणार. नाही सांगितलं, तर जन्मभर स्वतःलाच वेडा समजणार.

"लाल," ती म्हणाली. "गाजरांसारखं. खाली मुळं लोंबत होती."

सेवेरिन खुर्चीत मटकन मागे टेकला. मुळांबद्दल तो कुणाकडेच बोलला नव्हता, अहवालातही ती नव्हती. तो बराच वेळ डोळे पुसत राहिला.

"पण उद्या..." ती चाचरत म्हणाली.

"थकलो होतो, भास झाला," तो घडाघडा म्हणाला. "बघ, पाठ आहे. आता म्हणता येतं."