खालच्याचा श्वास

सेवास्तीने सासऱ्याला हात धरून गुहेत नेऊन बसवलं आणि सवयीने तोंड फिरवलं. तिथे पाऊल टाकलं की वाफेचा भपकारा अंगावर यायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. त्या सकाळी तो आला नाही.

एम्बोरियो गावाच्या वेशीवरच ही गुहा होती. ज्वालामुखीच्या पोटातली वाफ तिच्या भेगांतून वर यायची आणि सांधे धरलेले म्हातारे रोज तासभर तिथे शेकत बसायचे. ऐंशी वर्षांचे पान्देलीस तर कित्येक वर्षांत एकही सकाळ चुकले नव्हते.

"घोंगडी दे गं," ते म्हणाले. "गार लागतंय."

सेवास्तीने भेगेवर तळहात धरला. दगड कोरडा होता. घरातल्या भिंतीला हात लावावा तसा गार.

"वारा फिरला असेल, मामंजी."

"वाऱ्याचा काय संबंध? त्याने श्वास रोखलाय."

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. निसिरोस बेटावर पोराला चालता येण्याआधी ही गोष्ट ठाऊक होते. देवांशी लढाई हरून एक राक्षस समुद्रातून पळत सुटला, तेव्हा पोसायडनने शेजारच्या कोस बेटाचा लचका त्रिशुळाने तोडला आणि त्याच्यावर फेकला. तो लचका म्हणजे निसिरोस. राक्षस मेला नाही, नुसता दाबला गेला. त्याचं नाव पोलिबोटिस, पण गावात ते कुणी उच्चारत नसे. सगळे त्याला 'खालचा' म्हणायचे, आणि म्हणताना छातीवर क्रूस काढायचे.

"मी पोरसवदा होतो तेव्हा खाली विवरात गंधक खणायला जायचो," पान्देलीस म्हणाले. "तेव्हाही जमीन हादरायच्या आधी तो असाच गप्प झाला होता. आठवडाभर. आम्ही म्हटलं, बरं झालं, चटके बसत नाहीत. जड ओझं उचलायच्या आधी माणूस काय करतो, सांग बरं? श्वास रोखतो."

सेवास्तीने त्यांच्या खांद्यावर घोंगडी नीट केली. मंगळवार होता. रविवारी तिच्या एकुलत्या एक लेकीचं, फोतिनीचं लग्न होतं.

दुपारी ती शेळ्या घेऊन विवराच्या कडेला गेली. शेळ्यांनी उतरायचं नाव घेतलं नाही. बांधावर ओळीने उभ्या राहून त्या समुद्राकडे बघत राहिल्या. तिने दगड मारले, शिव्या घातल्या, शेवटी एकटीच खाली उतरली. तळाशी जिथे राखाडी चिखल रात्रंदिवस खदखदायचा, तिथे तो वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. कुठेच आवाज नव्हता. आपल्याच पावलांचा आवाज ऐकून ती मागे फिरली.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेळ्या, बदामाची झाडं आणि म्हातारा सासरा तिने एकटीने सांभाळला होता. भिण्याची तिला सवय नव्हती. पण त्या रात्रीपासून तिने आपलं आणि सासऱ्याचं अंथरूण अंगणात घातलं, फोतिनीने ऐकलं नाही, आणि बुधवारी सकाळी ती पाद्र्याकडे, पापा स्तामातिसकडे गेली.

"लग्न देवळात नको, पापा. खळ्यावर लावा. उघड्यावर."

पापा स्तामातिस दाढीतून हसला. "का? नवरदेवाला ऊन लागायला?"

"देवळाचं छप्पर जुनं आहे. आणि गुहा गार पडलीय."

त्याचं हसू गेलं. "तीस वर्षं देऊळ झाडतेस, सेवास्ती. मेणबत्त्या तुझ्या हाताने लावतेस. आणि लेकीचं लग्न त्या राक्षसाला विचारून करणार? लग्न वेदीपुढेच लागेल. जा, बदाम कुट."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कॉफीच्या दुकानासमोरून जाताना चांभार हिपोक्रातीस ओरडला, "सेवास्ती, खालच्याला अक्षत दिलीस की नाही? नाहीतर रुसायचा हो!" सगळे खो खो हसले. फोतिनी पाण्याची घागर घेऊन मागेच होती. घरी येऊन तिने घागर इतक्या जोरात ठेवली की पाणी हिंदकळलं.

"आई, त्या लोकांसमोर मान वर करायला जागा ठेव गं थोडी."

"मला काय हौस आहे?"

"मग गप्प बस ना! चार दिवस. चारच दिवस गप्प बस."

सेवास्ती चारही दिवस गप्प बसली. तिने बदामाचं सरबत केलं, हरभऱ्याच्या वड्यांचं वाटण वाटलं, लेकीच्या चादरी उन्हात घातल्या. रोज सकाळी सासऱ्याला गुहेत बसवलं आणि भेगेवर हात धरला. रोज दगड गारच होता. देवळाची किल्ली झाडलोटीसाठी तिच्याकडेच असायची. रविवारी सकाळी तिने देवळाला कुलूप घातलं, वऱ्हाड चढणीवर दिसायला लागेपर्यंत थांबली, आणि सगळ्यांच्या देखत किल्ली कड्यावरून खाली विवरात भिरकावून दिली.

क्षणभर कुणाला कळेना. मग व्याहीणबाई, मांद्राकी बंदराची एव्डोकिया, छाती पिटत पुढे आली. "वेडी आहे ही! वेडीच्या घरात पोरगा दिला मी!"

"पोरगा तुम्ही नाही दिला, पोर मी दिली," सेवास्ती म्हणाली. "खळं झाडून ठेवलंय. गालिचे घातलेत. चला."

कुलूप फोडायला लोहार मांद्राकीहून आणावा लागला असता. वऱ्हाड दोन तास चढून आलं होतं, आणि ठरलेली वेळ टळणं हा त्याहून मोठा अपशकुन. पापा स्तामातिसने दात खात खळ्यावरच मंत्र म्हटले. फोतिनी आणि नवरदेव सावास यांच्या डोक्यांवर मुकुट चढले, त्यांनी पाटावरच्या बायबलला तीन फेऱ्या घातल्या. सेवास्ती देवळाच्या छपराकडे बघत उभी होती. आता, आता, असं तिचं मन म्हणत होतं.

काहीच झालं नाही.

एक चिमणी छपरावर येऊन बसली आणि उडून गेली. सरबत संपलं. व्हायोलिन वाजलं, लोक नाचले, आणि नाचताना मुद्दाम पाय आपटून "उठ रे खालच्या!" म्हणत राहिले. ऊन कललं तेव्हा फोतिनी खेचरावर बसली. सेवास्ती लगाम धरायला गेली, तर लेकीने तो ओढून घेतला.

"माझ्या लग्नाला तू त्याला बोलावलंस, आई. आता राहा त्याच्यासोबत. माझ्या दारात येऊ नकोस."

पुढचे दोन दिवस सेवास्तीशी कुणी बोललं नाही. लोहाराने कुलूप फोडलं, झाडू दुसऱ्या बाईच्या हातात गेला. पान्देलीसना सगळं दिसत होतं.

बुधवारी सकाळी त्यांना बसवून ती निघाली, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या तोंडून शब्द गेला आणि तू भोगतेयस. आज मी इथेच बसतो. तो श्वास सोडेल तेव्हा पहिल्यांदा मला कळेल. मग जाऊन त्या हिपोक्रातीसच्या तोंडावर सांगतो."

"दुपारी न्यायला येते, मामंजी. ऑलिव्ह आणि पाव ठेवलाय."

ती शेळ्यांपाशी बांधावर होती तेव्हा जमीन उचलली गेली. नंतर तिने हे जेव्हा जेव्हा सांगितलं तेव्हा हाच शब्द वापरला. हलली नाही, उचलली गेली, आणि मग सोडून दिली. ती पालथी पडली. मान वर केली तर वर गाव नव्हतं, धूळ होती. धुळीतून दगड गडगडत विवरात उतरत होते. मग वेशीकडून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि थांबेचना.

गुहा पडली नव्हती. तिच्या तोंडातून पांढरी वाफ सोसाट्याने बाहेर पडत होती, आणि दहा पावलांवर उभं राहणंही शक्य नव्हतं. सेवास्तीने डोक्याचा रुमाल ओला करून, तोंडाला लावून तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा चांभार हिपोक्रातीसने तिला कमरेला धरून मागे ओढलं. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं. "नको," तो रडत म्हणत होता, "नको गं सेवास्ती, आता नको."

गावात सात माणसं गेली. देवळाचं छप्पर सगळंच्या सगळं खाली आलं. आत कुणीही नव्हतं.

सासरे त्या वाफेतच गेले, त्यांना बाहेर काढताही येईना. लेक तरी वाचली का हे बघायला ती मांद्राकीच्या वाटेला लागली. वाट जागोजागी तुटली होती. एव्डोकियाच्या घराचा वरचा मजला रस्त्यावर पडलेला होता. ती ढिगाऱ्यावर चढून दगड उपसायला लागली.

"तिथे कुणी नाही," मागून आवाज आला.

घरामागच्या अंगणात होडीचं शीड खुंट्यांना बांधून तंबू केला होता. फोतिनी त्याखाली उभी होती, धुळीने पांढरी झालेली. आत गाद्या होत्या, पाण्याचं मडकं होतं, चूल मांडलेली होती.

"रविवारपासून इथेच राहतोय," सावास खाली बघत म्हणाला. "हिने घरात पाऊलच टाकू दिलं नाही. आईलाही नाही. सगळी गल्ली हसली."

"गरम होत होतं म्हणून," फोतिनी म्हणाली. "तुझ्या सांगण्यावरून नाही." आणि मग तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं व तिच्या तोंडून हुंदकाच फुटला.

एव्डोकियाने पाण्याचा तांब्या आणून सेवास्तीच्या हातात दिला.

तेव्हा बेटावर इटलीचं राज्य होतं. त्या सरकारने तंबू पाठवले, आणि दोन्ही गावांतली माणसं बंदराच्या मैदानात राहायला लागली. सेवास्तीच्या तंबूपुढे रोज सकाळी कुणी ना कुणी उभं असायचं. पापा स्तामातिससुद्धा एकदा टोपी काढून आला. सगळ्यांचा प्रश्न एकच: आता घरात जायचं का? शाबूत राहिलेली घरंही रिकामी पडली होती, कारण सेवास्ती आत गेली नव्हती.

"मला काही कळत नाही हो," ती हात जोडून सांगायची. "ज्यांना कळत होतं ते गेले." कुणाचा विश्वास बसत नव्हता. ती सांगायचं टाळतेय, असंच त्यांना वाटायचं.

नोव्हेंबरात पाऊस लागला. एका दुपारी हिपोक्रातीसची सून तान्ह्या पोराला गुंडाळून आली. पोर खोकून खोकून निळं पडत होतं, तंबूची जमीन चिखल झाली होती. समोरच त्यांच्या भावकीचं दगडी घर उभं होतं, भिंतींना एकही तडा न गेलेलं.

"आत नेऊ का याला?" तिने विचारलं. "तुम्ही हो म्हणालात तरच नेईन."

सेवास्तीने विवराच्या दिशेने पाहिलं. ढग उतरले होते, काही दिसत नव्हतं. पायांखाली चिखल होता, आणि चिखलाखाली काय होतं हे तिला आधीही ठाऊक नव्हतं.

"ने," ती म्हणाली.

सून धावत आत गेली. तिच्यामागे आणखी दोन बायका आपापली पोरं घेऊन गेल्या, मग चौघी, मग मैदान रिकामं होईपर्यंत माणसं उठतच राहिली. दारं उघडली, चुली पेटल्या. फोतिनी आईला आत बोलवायला आली. सेवास्ती त्या दगडी घराच्या उंबऱ्यावर पावसात उभी होती, दोन्ही तळहात चौकटीला टेकून, आत खोकणाऱ्या पोराकडे पाठ करून. तिच्या हातांना बारीक कंप होता. तो हातांचा होता की चौकटीचा, हे फोतिनीला सांगता येईना.