बरणीला हात लावायचा नाही

सासूबाई गेल्या तेव्हा मी रडले नाही. खोटं कशाला लिहू? सत्तावीस वर्षं त्यांनी मला उमेच्या, म्हणजे आंबट आलुबुखारासारख्या फळाच्या, लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता. "तोमिए, तुझ्या हाताला बुरशी आहे," असं चारचौघांत म्हणायच्या. आमच्या गावात पक्कं मानतात, ज्या घरच्या उमेला बुरशी धरते त्या घरातलं माणूस जातं. म्हणजे कुणी मेलं की खापर फोडायला सून आयतीच.

या वर्षी लोणचं मी घातलं. जूनमध्ये फळांना मीठ लावलं, सासूबाईंच्या निम्मं. शिगेनोरी, माझा नवरा, हृदय थकून अंथरुणाला खिळलाय; डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय.

"निम्मं?" शेजारची हात्सुए म्हणाली. "वहिनी, भावजींना वाचवताय की घालवताय?"

"तुझी जीभ खारवली असती तर चार बरण्या भरल्या असत्या."

जुलैअखेर पाऊस हटला. फळं तीन दिवस उन्हात वाळवायची, रोज दुपारी एकेक करून उलटायची. बांबूच्या चाळणीवर अंगणात मांडली. पहिल्या दुपारी गेले, तर सगळी उलटून झालेली. प्रत्येक फळावर दाबल्याच्या दोन खुणा होत्या, अंगठ्याची आणि मधल्या बोटाची.

सासूबाईंची तर्जनी कोयत्यानं गेली होती. त्या अशाच उचलायच्या.

हात्सुएला दाखवलं. तिनं पाहिलं आणि चपला तिथंच टाकून पळाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय एक फळ कमी होतं. आत गेले तर शिगेनोरीचे ओठ फळाच्या रसानं लाल, उशीवर चोखलेली कोय. कित्येक महिन्यांनी हसला.

"आई आली होती गं. तिनं भरवलं. म्हणाली, अळणी झालंय. उद्या न्यायला येते म्हणाली."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"आईला नाही कसं म्हणणार?"

आयुष्यभर हेच ऐकत आले.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यापासून चाळणीशेजारी बसले. बारा वाजता झाडांवरच्या सिकाडा किड्यांची किरकिर एकदम थांबली. मधल्या रांगेतलं एक फळ आपोआप उचललं गेलं, चाळणीच्या वीतभर वर.

माझा राग भीतीपेक्षा मोठा होता.

"आई, हे मी घातलंय," मी ओरडले. "हात लावायचा नाही! फळालाही नाही, त्यालाही नाही!"

फळ तसंच लटकून राहिलं. मी तर्जनी आणि अंगठ्यानं ते पकडलं आणि ओढलं. पलीकडून कुणीतरी धरून होतं. माझी तर्जनी बर्फासारखी गार पडली. मग फळ माझ्या हातात आलं.

आता थंडी सुरू झालीय. शिगेनोरी दोन वाट्या भात खातो, फाटकापर्यंत चालतो. बरणीत बुरशीचा एक ठिपका नाही.

माझ्या तर्जनीच्या टोकावर मात्र पांढरी लव आलीय. दारूनं पुसते, सकाळी पुन्हा असते. काल दुसऱ्या पेरापर्यंत आली.

येऊ दे. लोणचं रोज मीच काढते, त्याच हातानं.