तापाचे कपाट

मित्रांनो, या बोळात माझ्या डोक्यावर डबे आणि हेल्मेट ठेवतात, म्हणून मला साधे कपाट समजू नका. मी एक जुना इन्क्युबेटर आहे. आतली ऊब जराही ढळू न देणे, एवढेच माझे काम. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, आपल्या पोटात अंडी उबतील, पिल्ले चिवचिवतील. माझ्या नशिबी आले ते मलेरियाचे जंतू.

इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. तिथल्या संशोधक बाई दान मिळालेल्या रक्तात ते जंतू वाढवत. एकदा भेटीला आलेल्या शाळकरी मुलांना त्या म्हणाल्या, "जंतूंना भाजून काढायला शरीर स्वतःच तापतं. पण काही जंतू त्यातूनही तगतात. कशाच्या जोरावर, तेच मला शोधायचंय." त्यासाठी त्या माझी ऊब सदतीस अंशांवरून एकेचाळीसवर नेत. मग काही तास मीच ताप होई. पुष्कळ जंतू मरत आणि बाई माझ्या पत्र्यावर शाबासकीची थाप देत.

मग खालच्या वॉर्डातून एका लहान मुलीचे रक्त आले. तिचे वडील बस चालवत. घरच्यांनी दुकानातल्या गोळ्यांवर दिवस काढले होते; तिला आणले तेव्हा उशीर झाला होता. तिच्या रक्तातले जंतू अभ्यासाला ठेवायला वडिलांनी होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. घरी तिला चिमणी म्हणत. कुणी ठरवले नाही, पण आमच्याकडे तिच्या जंतूंच्या बाटलीलाही तेच नाव पडले.

मी त्या बाटलीला ताप दिला. जंतू मरेनात. पुन्हा दिला. सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून बाई म्हणत, "चिमणीनं आजही सोसलं." तेव्हा माझा पंखा घरघरे. जिला तो ताप सोसला नाही तिचे नाव, तिला नेणाऱ्यालाच दिले होते. आणि त्याला ऊब देत होतो मी.

एका दुपारी वडील बाईंना भेटायला आले. ते दारात पाऊल टाकतात तोच मदतनीस मुलगी आतून ओरडली, "बाई, चिमणी आज एकदम जोमात आहे!"

वडील जागीच थिजले. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. पण त्यांनी काही लपवले नाही; ते नाव जंतूंच्या बाटलीचे आहे, हे सांगून टाकले.

"म्हणजे माझी पोर गेली, आणि ते अजून जिवंत आहे?"

"हो, दादा. नावाचं चुकलंच आमचं. तुम्ही म्हणाल तर आत्ता नष्ट करते."

वडिलांनी माझे बाहेरचे दार उघडून आतल्या काचेवर तळहात टेकवला. मी तेव्हा तापातच होतो.

"अस्संच होतं तिचं कपाळ," ते म्हणाले. हात काढायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी विचारले, "हे तगतं कसं, ते कळेल?"

"कळेल असं वाटतंय."

"मग ठेवा. पण तिचं नाव काढा."

नाव त्याच दिवशी पुसले. पुढे काही वर्षे बाई त्या जंतूंची जनुके एकेक करून बंद पाडत राहिल्या. जनुक म्हणजे जिवाला त्याचे काम सांगणारी सूचना. काही जनुके उष्णतेने बिघडलेले भाग दुरुस्त करवतात, निकामी झालेले मोडायला लावतात. त्यांतले एक बंद पाडले आणि मी पुन्हा ताप झालो. या वेळी बाटलीत काही जगले नाही.

बाईंनी वडिलांना फोन लावला. "दादा, मेलं ते. तापानंच मेलं."

पलीकडे उभ्या बसचे इंजिन घरघरत होते. त्यातून वडिलांचा आवाज आला, "तिच्या वेळी का नाही मेलं?"



आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. मी कधीचाच गार पडलो. तो प्रश्न मात्र गार होत नाही. मित्रांनो, घरात कुणाला हुडहुडी भरून ताप आला, तर उद्या उतरेल म्हणून थांबू नका. लगेच रक्त तपासून घ्या. बरे वाटले तरी औषध अर्धवट सोडू नका. जन्मभर मी ताप होऊन पाहिले आहे. एकट्या तापाच्या हाती लेकरू सोपवू नका.