धाकटी धक्क्यावर बसली आहे

मैत्रेयी गेली त्याला आता तीन महिने होत आले होते. गुरुग्रामच्या एका कंपनीत ती नोकरी करायची आणि इशिता नावाच्या मैत्रिणीबरोबर तिथेच फ्लॅट घेऊन राहायची. ऑक्टोबरात ताप आला, डेंगी निघाला, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. पंचवीस वर्षांची होती. रेवती आणि सुधन्वाची एकुलती एक.

पुण्याहून आलेल्या नणंदेनं रेवतीला चार वेळा सांगितलं, "वहिनी, रडून घे गं." रेवतीनं प्रयत्न करून पाहिला. बाथरूमचा नळ सोडून बसली. काही झालं नाही. बादली भरली, तेव्हा नळ बंद करून बाहेर आली.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोघं पूर्वीसारखीच राहत होती. सुधन्वा मंत्रालयात अवर सचिव, रेवती दुसऱ्या एका मंत्रालयात अनुवादक. सकाळी डबे भरले जात. संध्याकाळी वरणभात होई. त्यांच्यात भांडण असं कधी झालंच नाही, नुसतं बोलणं कमी कमी होत गेलं. गॅसवाला येऊन गेला. लाइटचं बिल भरलं. उद्या सुट्टी आहे. एवढ्यावर दिवस निघे.

महिन्यातल्या एका रविवारी मात्र ती दोघं गुरुग्रामला जात. विजयालक्ष्मीताई निवृत्त झाल्यावर तिथं मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि त्यांच्याकडे दिल्लीतली आठ-दहा मराठी माणसं जमत. नियम दोनच: सध्या कोणती कादंबरी वाचताय ते सांगायचं, आणि शेवट फोडायचा नाही. या बैठकीची खरी वाचणारी रेवती. सुधन्वा यायचा तो गाडी चालवायला आणि विजयालक्ष्मीताईंच्या हातचा चिवडा खायला. त्याची पाळी आली की तो "मी फायली वाचतोय" म्हणायचा आणि सगळे हसायचे. बैठक संपली की मैत्रेयी खाली गेटपाशी येऊन थांबलेली असायची आणि तिघं मिळून जेवायला जायची.

ऑक्टोबरनंतर सुधन्वानं गाडी काढली नव्हती, दोघं मेट्रोनं जात. बैठकीला जाणं त्यांनी सोडलं नाही, कारण विजयालक्ष्मीताई दर वेळी फोन करायच्या आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. रेवतीची पाळी आली की ती म्हणे, "सध्या काही नाही." कुणी आग्रह करत नसे. दोन ओळी वाचून झाल्या की पहिली ओळ काय होती ते तिला आठवायचं नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारीतल्या बैठकीत सुधन्वाची पाळी आली आणि तो म्हणाला, "मी एक कादंबरी वाचतोय."

रेवतीनं मान वर केली. आपल्या घरात कुणी कादंबरी वाचतंय, हे तिला दुसऱ्याच्या घरी कळत होतं.

"कोकणातल्या एका बंदरावर दोघी बहिणी खाणावळ चालवतात," तो सांगू लागला. त्याला असं सांगायची सवय नव्हती, ऑफिसात टिपण वाचून दाखवावं तसं त्यानं सांगितलं. "थोरली कडक आहे, सगळा हिशेब तिच्याकडे. धाकटीला तिथं राहायचं नाही. लाँचवरच्या एका कारकुनाबरोबर ती निघून जायचं ठरवते. पहाटे बॅग घेऊन निघते. धाकटी धक्क्यावर बसली आहे. ओहोटी आहे म्हणून लाँच यायचीय."

"मग?" प्रज्ञानं विचारलं. ती जमलेल्यांत सगळ्यात तरुण, नुकतीच नोकरीला लागलेली.

"इथवरच वाचलंय."

"छान आहे," भाऊसाहेब म्हणाले. वय झालेले, ऐकायला कमी येणारे भाऊसाहेब या बैठकीचे आपोआप झालेले अध्यक्ष. "पुढच्या वेळी पुढचं सांगा."

परतीच्या मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली. रेवतीला विचारायचं होतं, पण काय विचारायचं ते सुचलं नाही. त्यांचं आयएनए स्टेशन आलं, दोघं उतरली.

फेब्रुवारीत सुधन्वानं पुन्हा तीच कादंबरी सांगितली. दोघी बहिणी, खाणावळ, धाकटी धक्क्यावर बसली आहे, लाँच यायचीय. लोकांना वाटलं, वेळ मिळाला नसेल. मार्चमध्ये त्यानं पुन्हा तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. या वेळी प्रज्ञा खाली बघत राहिली. भाऊसाहेबांनी कानामागचं यंत्र नीट केलं.

"सुधन्वा, रागावू नका. पण गेल्या वेळीही तुम्ही इथंच होतात ना?"

"हो."

"पुढं कंटाळवाणी आहे का?"

"माहीत नाही," सुधन्वा म्हणाला. "मैत्रेयीनं इथवरच वाचलंय. तिच्या सामानात मिळाली. तिथं पान दुमडलेलं आहे. मी तिथपर्यंत जातो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो."

खोलीत पंखा फिरत होता. विजयालक्ष्मीताई उठल्या आणि चहा बघायला म्हणून आत गेल्या. रेवतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीतले शेंगदाणे वेगळे करत होता. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिला वाटलं, आणि तेवढंच वाटलं.

दोन दिवसांनी सुधन्वा आंघोळीला गेला असताना तिनं त्याच्या टेबलावरून ते पुस्तक उचललं आणि पर्समध्ये टाकलं. त्याच्या लक्षात आलं असणार, पण त्यानं विचारलं नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिनं पुस्तक उघडलं. दुमडलेलं पान लगेच सापडलं. मैत्रेयीला लहानपणापासून तीच खोड होती, आणि पुस्तकाचे कान पिरगाळू नकोस म्हणून रेवती तिला ओरडायची.

पहिला भाग तिनं वाचला नाही. तो तिला तीनदा सांगून झाला होता. तिनं दुमडलेलं पान उलटलं आणि पुढून सुरुवात केली.

अनुवादाला आलेलं परिपत्रक वाचावं तसं तिनं ते वाचलं. ओळ विसरली की परत वाचायची. परत विसरली की परत. शेजारच्या टेबलावरची द्वारका म्हणाली, "क्या बात है, फिर से पढ़ना शुरू?" रेवती "हां" म्हणाली. सुट्टी संपली की ती पुस्तक मिटायची आणि कुठवर आलो ते लक्षात ठेवायची. एक-दोन आठवड्यांनी ओळी डोक्यात राहू लागल्या. मग एका दुपारी पुस्तक संपलं. तिनं डबा धुतला आणि कामाला बसली.

एप्रिलच्या बैठकीत तिची पाळी आली तेव्हा भाऊसाहेब पुढच्या माणसाकडे वळलेच होते.

"मी वाचलीय एक," रेवती म्हणाली. "दोघी बहिणींची. हे सांगतात ती. पुरी झाली."

सुधन्वानं कप खाली ठेवला.

"अरे वा," भाऊसाहेब म्हणाले. मग घाईनं, "पण शेवट नका सांगू हं. नियम आहे."

"नाही सांगत."

खाली गेटपाशी गार्डनं रजिस्टरवर बाहेर पडल्याची वेळ लिहून घेतली. मेट्रो स्टेशनपर्यंत दोघं रिक्षानं गेली. गाडी सुटली, समोर कानात वायर घातलेली मुलं, एक बाई मांडीवर केकचा खोका धरून. छतरपूरच्या आसपास सुधन्वा म्हणाला, "लाँच येते?"

"येते."

"मग ती जाते."

"जाते. त्या कारकुनाचं आणि तिचं फार दिवस जमत नाही. पण ती परतही येत नाही. मुंबईला कुठंतरी राहते. थोरली एकटीच खाणावळ चालवते. धाकटीबद्दल कुणी विचारलं की विषय बदलते."

"थोरली शोधायला जात नाही?"

"नाही. भाज्या आणते, मासे आणते. बरीच पानं तेवढंच आहे. मला तोच भाग नीट वाचता आला."

गाडी बोगद्यात शिरली. आवाज वाढला म्हणून तो तिच्याकडे झुकला.

"शेवटी काय होतं?"

"शेवटी धाकटी येते."

"येते?"

"केस पिकलेली. दुपारच्या वेळी दारात उभी राहते. थोरली तिला पान वाढते."

सुधन्वानं समोरच्या काचेत पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे येते."

"कादंबरीत येते, सुधन्वा."

"हो. ते कळलं मला."

केकवाली बाई उतरली. तिच्या जागेवर कुणी बसलं नाही.

"मैत्रेयीला आवडला नसता हा शेवट," रेवती म्हणाली. कितीतरी दिवसांनी हे नाव तिच्या तोंडून निघालं होतं. आवाज नेहमीसारखाच होता. "परत कशाला आली, म्हणाली असती."

"बिल्कुल," सुधन्वा म्हणाला. "भांडली असती माझ्याशी."

"तुझ्याशी का?"

"तू वाचलेल्या पुस्तकांवरनं ती तुझ्याशी कधी भांडायची नाही. तुला जास्त कळतं म्हणायची."

हे रेवतीला माहीत नव्हतं. तिनं ते ऐकून घेतलं. छातीत कुठं दुखेल म्हणून वाट पाहिली. दुखलं नाही. आयएनए आलं तेव्हा दोघांनाही उठायला उशीर झाला आणि दार बंद झालं. पुढच्या स्टेशनवर उतरून, पलीकडच्या बाजूनं गाडी पकडून दोघं परत आली.

सुधन्वानं त्या पुस्तकाचा उरलेला भाग कधी वाचला नाही. मे महिन्यात विजयालक्ष्मीताईंकडे एसी नुकताच दुरुस्त झाला होता आणि सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. सुधन्वानं "सध्या काही नाही" म्हणून सांगितलं. रेवतीनं ऑफिसच्या लायब्ररीतून एक जाड कादंबरी आणली होती, एका पोस्टमास्तरणीची. तिनं थोडक्यात सांगितली. "आवडतेय का?" प्रज्ञानं विचारलं.

"ते अजून कळत नाही," रेवती म्हणाली. "पण लक्षात राहतेय."

परत येताना गाडीला गर्दी होती, दोघांना उभंच राहावं लागलं. तिनं दांडा धरला होता, त्यानं तिची पर्स.

"त्या पोस्टमास्तरणीला मुलं आहेत?" सुधन्वानं विचारलं.

"अजून तरी आली नाहीत कथेत," ती म्हणाली, आणि पहिल्या प्रकरणापासून सांगायला लागली.