नाव न घेता

तोंडात कायम टाचण्या धरून शिवणाऱ्या त्या बाईला चर्चमधली सगळी मंडळी टाचणीबाई म्हणायची. नवरा वारलेला आणि एकुलता एक मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात तुरुंगात. भेटीच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून बस-थांब्यापर्यंत जायची. बस यायची नि निघून जायची, आणि ही घरी परतायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या दिरालाही नाही. शेवटी मन हलकं करायला एका दुपारी तिने ते पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली.

पुढच्याच रविवारी ते व्यासपीठावरून म्हणाले, "आपल्यातलीच एक आई नटूनथटून बस-थांब्यावर जाते, पण लाजेपायी बसमध्ये चढत नाही. प्रभूच्या बाबतीत तुमचंआमचंही असंच नाही का?"

एकेक करत सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पुढच्या बाकावरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाचणीबाईचे कान तापले. नटूनथटून? मेली ती इस्त्री!

उपासना संपली. दारात पाळकसाहेबांना जो तो म्हणत होता, "काय संदेश दिलात! अंगावर काटा आला."

"माझ्याही आला," टाचणीबाई गर्दीतून पुढे होत म्हणाली. "साहेब, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. गावाला नाही."

"पण मी नाव कुठं घेतलं?"

"घ्यायचं काय राहिलं होतं? इथे दुसऱ्या कुणाचा मुलगा आत आहे?"

तिचा दीर चर्चच्या कमिटीवर होता. तो घाईघाईने मधे आला. "वहिनी, प्रभूच्या दारात तमाशा नको."

"तमाशा मी मांडला का, भाऊजी?"

पाळकसाहेबांचा चेहरा पडला होता, पण आता तेही चिडले. "मग काय करू मी? बायबलचं साधं वचन समजावलं की तुम्ही कमिटीवाले म्हणता, संदेश कोरडा झाला. दर रविवारी तुम्हाला रडायला हवं! माझी आई गेली, त्या आठवड्यातही तुम्ही संदेश कसा होता तेच बोललात. मी जेवलो का, हे एकाने तरी विचारलं?"

 टाचणीबाईनेही विचारलं नव्हतं. पण म्हणून तिचा राग ओसरला नाही.

"तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "या सगळ्यांचं चुकलं, माझंही चुकलं. पण यांची रडायची भूक भागवायला माझं काळीज कापून वाढलंत ना!" मग ती त्या बायकांकडे वळली. "आणि तुम्ही! आत्ता रडलात. पोरगा आत गेला तेव्हा माझ्या दारात कोण आलं होतं? ब्लाउज टाकायला मात्र बरोबर येत होतात!"

बायका चपला शोधायला लागल्या. दीर खाली बघत राहिला.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

"अजिबात नको! म्हणजे परत माझीच गोष्ट सांगाल. त्यापेक्षा भेटीच्या दिवशी थांब्यावर या. मला एकटीला बसमध्ये चढवत नाही."

ते आले. बस आल्यावर ती नेहमीसारखीच मागे सरली. ते आधी चढले आणि दारात तिच्यासाठी थांबले. तुरुंगात फक्त घरच्यांनाच आत सोडत होते, म्हणून ते फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले.

जाळीपलीकडे मुलगा दिसला. केस बारीक कापलेले, गालफडं बसलेली. "आलीस?" एवढंच म्हणून तो लहानपणी रडायचा तसा रडला. टाचणीबाईला स्वतःचाच इतका संताप आला की तिने जाळीवर डोकं टेकलं.

परतताना पाळकसाहेबांनी तिला बसमध्ये खिडकीजवळची जागा दिली.

"माझा राग अजून गेलेला नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"पण जेवायला घरी चला."

पुढच्या भेटीच्या दिवशी ती थांब्यावर पोचली, तर दीर न बोलावता येऊन उभा होता. "वहिनी, मला तो ओळखेल ना?" त्याने विचारलं.

"पुतण्या आहे तुमचा," ती फणकारली. "चढा आधी."